डोंगर ओलांडून गेलेल्या नावा

पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी इनेस सेन्तेवा, त्लाश्काला नगरीतील ओकोतेलुल्को पेठेची रहिवासी. पाय सुजून अंथरुणाला खिळले आहे, पण बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. लेखनिक फेलिपे समोर बसून मी सांगते तसे लिहीत आहे.

माझा देह चर्चच्या अंगणात आईशेजारी पुरावा. घंटा वाजवणाऱ्याला पोटभर जेवू घालावे.

राहते घर, धान्याच्या कणगीसह, मुलगी पेत्रोनिला हिचे. तिचा नवरा बाल्तासार याचा त्यावर हक्क नाही. राहील तर पाहुणा म्हणून. कारण सांगते. गेल्या सणाला भर पंगतीत तो म्हणाला, "समुद्रापलीकडून मूठभर कास्तिलियन आले आणि एवढं मोठं मेशिको घेतलं! तशी माणसं होणे नाही, सासूबाई." मी विचारले, "जावईबापू, त्यांच्या नावा डोंगरावरून काय उडत गेल्या?" सगळे हसले.

फेलिपे म्हणतो, "आजी, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

"मग कुठं लिहितात? लिही गप."

तळ्यात वसलेल्या मेशिको शहरातल्या मेशिका लोकांशी आमचे जुने वैर. त्यांनी आमच्याकडे मीठ येऊ दिले नाही; माझ्या आईने अळणी जेवून संसार केला. कास्तिलियन त्यांच्याकडून मार खाऊन पळत आले, तेव्हा आम्ही आसरा दिला तो त्या मिठापायी. त्याच साली देवीची साथ आली. माझा नवरा तिने नेला. तळ्यातल्या शहरातही घरेच्या घरे ओस पडली.

मग डोंगरापलीकडच्या त्या शहरावर तळ्यातून चालून जायला आमच्या नदीकाठी नावा बांधल्या. कसब, खिळे, शिडे कास्तिलियनांची. झाडे आणि हात आमचे. नदी अडवून नावा तरंगवून पाहिल्या आणि पुन्हा फळी न् फळी सुटी केली. थोरला भाऊ तेकोलोत याने एक फळी पाठीवर घेऊन तिचा पट्टा कपाळाला लावला. मी मक्याच्या भाकऱ्यांची टोपली घेऊन मागे. खिंडीत वळून पाहिले तर रांगेचे टोक दिसेना, पुढेही दिसेना. डोंगरच उठून चालू लागलाय असे वाटले.

भाऊ घामाघूम. म्हणाला, "पोरी, माझी फळी नावेच्या कुठल्या अंगाची असंल गं?"

मला काय ठाऊक! म्हटले, "तोंडाची."

तो हसला आणि झपाझप चालू लागला.

तळ्याकाठच्या तेश्कोको गावी फळ्या पुन्हा जुळल्या, कालव्यातून नावा तळ्यात उतरल्या. वाऱ्याने पांढरी शिडे फुगली तेव्हा काठावरची अफाट गर्दी टाचा उंचावून पाहू लागली. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "हे आपण उचलून आणलं?" पुढे लढाईत तो शहराकडे जाणाऱ्या तळ्यातल्या बांधावर पडला. प्रेत मिळाले नाही. ती शिडे आठवली की अजून अंगावर काटा येतो. भीतीने की अभिमानाने, मला कधी कळले नाही.

घायपाताचे शेत विकून भावासाठी प्रार्थना म्हणवावी. पाद्रीबाबा सांगतात, त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरी म्हणावी.

पाटा-वरवंटा शेजारीण माग्दालेना हिला द्यावा. ती मेशिका, लढाईनंतर लग्न होऊन इकडे आली. आयुष्यभर आम्ही एकाच विहिरीचे पाणी भरले. त्या दिवसांबद्दल ती बोलली नाही, मीही विचारले नाही.

त्लाश्काला, ६ नोव्हेंबर १५६३. इनेस हिला लिहिता येत नसल्याने तिने फुली केली आहे.

साक्षीदार: तोरिबियो, कुंभार. मार्तिन, चर्चचा गायक. माग्दालेना, शेजारीण.

मी फेलिपे याने सर्व वाचून दाखवले आणि हे खरे आहे काय, असे साक्षीदारांना विचारले. दोघे हो म्हणाले. माग्दालेना बराच वेळ इनेसचे पाय चेपत बसली. मग म्हणाली, "नावा तळ्यात आल्या तेव्हा मी आमच्या घराच्या गच्चीवर होते. आईला हाका मारल्या, 'आई, वर ये, बगळे आलेत बघ!' एवढे मोठे, एवढे पांढरे बगळे आम्ही कधी पाहिले नव्हते. खरं आहे सगळं. कुठं फुली करू?"