निळ्या बटणाचे आजोबा

तीर्थरूप मावशीस,

टिल्लूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण प्रबंध टाइप करून पाठ अशी धरली आहे की प्रत्यक्षात निम्मीच अंगं जमिनीला टेकतील.) तुझी तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाहीये. फोनवर विचारलं की तू "मला काय धाड भरलीय!" म्हणतेस आणि गाडी थेट माझ्या लग्नावर आणतेस, म्हणून या खेपेला कागदावर विचारतोय.

आई सगळ्यांना सांगत सुटली आहे की पोरगा टीव्ही बघण्यात डॉक्टर होतोय. साफ खोटं! मी टीव्ही बघत नाही, टीव्ही बघणाऱ्यांचे आकडे बघतो. एक कंपनी काही निवडक घरांत टीव्हीला पेटी लावते. (तुला काय सांगायचं, तुझ्याकडे आहेच, कुणाला कळू देऊ नका असं बजावूनही तू गल्लीभर दाखवून झालीस.) पेटीच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाला एकेका रंगाचं बटण. बघायला बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. एवढ्यावरून ती कंपनी अख्ख्या देशाला काय आवडतं ते ठरवते, आणि जाहिरातवाले त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. मला त्यांनी घरांची नावं झाकून आकडे दिले. त्या आकड्यांचा जाहिरातवाले काय उपयोग करतात, हा माझा विषय.

तर त्या आकड्यांत मला एक आजोबा सापडले. बटण निळं, वय सत्तरीपुढचं, रोज संध्याकाळी मगरींचा कार्यक्रम. मालिका नाही, बातम्या नाहीत, फक्त मगरी. आणि जाहिरात लागली रे लागली की बटण बंद! जाहिरात संपली की पुन्हा चालू. आता गंमत अशी की पेट्या मोजक्या, त्यामुळे एकेक घर हजारो घरांच्या वतीने मोजलं जातं. म्हणजे कंपनीच्या हिशेबी एका आजोबांचं झालं एक गाव, आणि ते गावच्या गाव जाहिरात लागताच ताडकन उठून चालू लागतं. गुडघ्यांच्या तेलाचा मालक तर रडकुंडीला आला. गिऱ्हाईक नेमकं त्याचं, आणि नेमकं त्याच वेळी पसार! त्याच्यासाठी काचेच्या खोलीत सभा भरली. (मी कोपऱ्यात, बिस्किटांच्या जवळ.) मगर स्वतःच गुडघ्याला तेल चोळते आहे अशी जाहिरात करायचं ठरलं. मग मगरीला गुडघे असतात का, यावर अशी जुंपली की चहा दोनदा मागवावा लागला. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही ठाऊक नव्हतं, मला धरून.

मी मात्र खूश. त्या आजोबांवर चौथं प्रकरण लिहिलं: 'ज्येष्ठांचा जाहिरातींशी मूक असहकार'. आमचे सर मला नेहमी गेल्या वर्षी पास होऊन गेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. प्रकरण वाचल्यावर पहिल्यांदा माझ्या नावाने मारली. म्हणाले, यावर पदवी तुझ्या खिशात, आणि हे नसतं तर मात्र आणखी एक वर्ष बस.

परवा शेवटचं तपासायला म्हणून आकडे खाली सरकवत होतो. बंद, चालू, बंद, चालू. आणि एकदम डोळ्यांपुढे तुमच्या घरचा टीव्ही आणि काका उभे राहिले. जाहिरात लागली की खुर्चीतून उठायचे, दाराजवळच्या फळीवरचा रिमोट घेऊन बटण बंद करायचे आणि फाटकाची कडी बघून यायचे. "जे मी बघितलं नाही, ते बघितलं असं का सांगू?" रिमोट हाताशी घ्या म्हटलं तर म्हणायचे, ती लबाडी झाली. जगात असा दुसरा माणूस असणं शक्य नाही. मी आनंदाने ओरडणारच होतो की आजोबा म्हणजे आपले काका! मग आठवलं की काकांना जाऊन तीन वर्षं झाली.

मावशी, मला रडू आलं गं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं माझी फाइल उडाली, तिने रुमाल दिला. (लगेच लग्नाचं काढू नकोस, रुमाल परत केला.) काकांच्या त्या मगरी दिसल्या की तू डोळ्यांवर पदर घ्यायचीस. आता रोज त्याच मगरी लावून, काकांचं बटण दाबून त्यांच्या खुर्चीशेजारी बसतेस, आणि जाहिरात लागली की त्यांच्या वतीने उठतेस. माणूस गेलं की कंपनीला कळवायचं, मग ते त्याचं बटण काढून नेतात, असा नियम आहे. तुला तो माहीत आहे, हे मला माहीत आहे.

मी चौथं प्रकरण काढून टाकलं. सरांना सांगितलं, आकडे बिघडलेत. यापेक्षा एक अक्षर जास्त सांगितलं नाही. सर पुन्हा मला त्या दुसऱ्या मुलाच्या नावाने बोलावतात. एक वर्ष गेलं तर गेलं, चुलीत गेली ती पदवी. बाकी सर्व ठीक.

तुझा,
टिल्लू (आता सहा फूट)

ता. क. मगरीची जाहिरात तुफान चालली म्हणे! गेला आठवडाभर आजोबा एकदाही उठले नाहीत, तेलाची जाहिरात रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. कंपनीत मिठाई वाटली. मी माझी तशीच डब्यात परत ठेवली. रिमोट अजून दाराजवळच्या फळीवरच असतो ना? मावशी, खरं सांग, गुडघे कधीपासून दुखतायत?

ता. क. २. सांगू नकोस, रविवारी मीच येतोय. वर्षभर मोकळाच आहे, प्रबंध तुझ्याकडे बसून लिहीन. तेलाची खोकी फुकट मिळत होती, घेतली नाहीत. त्याऐवजी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आणि रिमोट फळीवरून हलवू नकोस, काकांना चालायचं नाही. जाहिरात लागली की तू बसून राहा. मी उठतो.