टाकीचं माप

२ तारीख, मंगळवार

टाकी गेली!

सांडपाण्याची. आमच्या कॅम्परच्या – राहायच्या गाडीच्या – पोटाखाली होती, आता नाही. घरातून निघून चौदा किलोमीटर होत नाहीत तोच एका स्पीडब्रेकरवर गाडी अशी आदळली की ओट्यावरची भांडी खाली! नालायकांनी पांढरे पट्टेसुद्धा मारले नव्हते. (ही म्हणते, होते.) मागचा ट्रकवाला हॉर्न बडवत होता. म्हटलं, बडव. पुढे चहाला थांबलो, हिनं आत बेसिनमध्ये कप विसळला आणि ते पाणी थेट माझ्या बुटांवर! तेव्हा कळलं. मागे जाऊन पाहिलं तर टाकीचा चेंदामेंदा. ट्रकखाली आलेली. आत काय होतं ते लिहीत नाही. ट्रकवाला काय बोलला तेही लिहीत नाही.

३ तारीख

परत घरी. लेकीला फोन केला. तिला पंचवीस तारीख दिली आहे. पहिलंच बाळंतपण, जावई बोटीवर, आणि घर म्हणजे एकच खोली. म्हणून तर तिच्या दाराशी कॅम्पर लावून महिनाभर राहायचं ठरलंय – झोप, स्वयंपाक, संडास-मोरी सगळं गाडीतच. पण टाकीशिवाय कसं जायचं? तिच्या गल्लीत पाणी सोडून बसू?

"बाबा, याल ना वेळेवर?" म्हणाली. दोनदा विचारलं.

म्हटलं, "तुझा बाप शिंपी आहे. दिलेली तारीख कधी चुकवलीय?"

ही मागून खोकली.

५ तारीख

प्लास्टिकच्या टाक्या करून देणारा एकजण सापडला. "काका, गाडीखालच्या जागेचं माप आणा, बाकी माझ्यावर सोडा." माप! मला सांगतो! चाळीस वर्षं गावातल्या ढेऱ्या मोजल्यात मी. गाडीखाली उताणा पडून माझ्याच टेपनं माप घेतलं. पाठ धरली.

९ तारीख

टाकी आली. बसत नाही. चहूबाजूंनी दीड इंच मोठी. चूक माझीच – हात सवयीनं सैल माप लिहून गेला! टाकीवाला म्हणतो, "काका, टाकी धुतल्यावर आटत नाही हो!" त्याच्याकडचे सगळे फिदीफिदी. ही तर भिंतीला धरून हसत होती.

१० तारीख

मापाचा कागद त्याच्याकडे भिजला. पुन्हा घेतलं. ढगाळ होतं. या वेळी एक सूतही सैल नाही!

१४ तारीख

दुसरी टाकी पाच इंच आखूड!! जागा अठ्ठेचाळीसची, मी त्रेचाळीस लिहिलेत म्हणे. टेपवरचे आकडे झिजलेत, दुसरं काय. ही टेप घेऊन खिडकीपाशी गेली. "लख्ख तर आहेत," म्हणाली, आणि मग गप्प. ही बोलत असते तोवर काळजी नसते.

वहीच्या रेघाही हल्ली किती फिकट छापतात. अक्षर कुठल्या कुठे चाललंय.

१५ तारीख

सकाळी ही सुई-दोरा घेऊन पुढ्यात. "जरा ओवून द्या." म्हटलं, मला कामं आहेत. पुन्हा आली. तिसऱ्यांदा मी खेकसलो. खेकसायला नको होतं.

१६ तारीख

केस बांधून ही स्वतःच गाडीखाली शिरली! तिनं खालून आकडे ओरडायचे, मी लिहायचे, आणि मग तिनंच बाहेर येऊन माझा कागद तपासायचा. मास्तरीण!

१९ तारीख

बसली! तिसरी टाकी बसली! टाकीवाल्यानं आणि मी खालून उचलून धरली, हिनं पट्टे आवळले, पाइप जोडला. दोन बादल्या पाणी ओतलं – एक थेंब गळला नाही. "या वेळचं माप कुणाचं?" टाकीवाल्यानं विचारलं. मी हात धुवायला गेलो.

२० तारीख

भाजी आणायला म्हणून हिनं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "गाडी चालवता का?" – "नाही," मी म्हटलं. "चालवतात," ही म्हणाली. ऑपरेशन करा म्हणे. डोळ्याला सुरी? मेलो तरी नाही! आहे ते बरं आहे.

स्पीडब्रेकरला पट्टे होते. मलाच दिसले नाहीत. तिथे एखादं माणूस असतं तर? दिवसभर तेच डोक्यात आहे. भीती वाटते. हिला सांगितलेलं नाही.

२१ तारीख

किल्ली हिच्या हातात दिली. एवढी मोठी गाडी तिनं कधी चालवली नाही. "तुला मागे घेता येत नाही," एवढं मात्र ऐकवलं.

"आपल्याला पुढेच जायचंय," म्हणाली.

२३ तारीख

पोचलो! वेळेवर! एकही दणका नाही. रस्ताभर मी पन्नासदा ब्रेक दाबला – माझ्या बाजूला ब्रेक नाही. लेक दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. आधी हसली, मग रडली. टाकीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. एवढी सुंदर टाकी!

२५ तारीख

मुलगी झाली. लेकीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "बघा बाबा, नाक अगदी तुमचं." "हो की!" म्हटलं.

मला नाक दिसलंच नाही.

बाहेर येऊन हिला म्हटलं, त्या डॉक्टरला फोन लाव. मिळेल ती पहिली तारीख घे.