पत्रेकाकांची भिंत

प्रिय धडामबाई,

पत्र फाडू नकोस. कान गेल्यापासून तू ड्रमवर चादर टाकून बसली आहेस, आपल्या अड्ड्याचं नावही काढू देत नाहीस. तरी लिहितेय, कारण बातमी पोटात राहीना. शेजारचे पत्रेकाका मुलीकडे राहायला चाललेत आणि त्यांची पत्राकामाची शेड आपल्याला देताहेत! मधली भिंत पाडली की अड्डा दुप्पट.

आठवतं, बंद पडलेली लाँड्री आपण चौघांनी आवाजाचे प्रयोग करायला घेतली तेव्हा सगळे म्हणाले होते, यांना कामधंदा नाही. खुर्च्या ज्याने त्याने घरून पळवल्या. माझी आई तिची अजून मागते. पहिल्याच कार्यक्रमात तू वाजवायला बसलीस आणि भिंतीपलीकडे काकांनी पिंप ठोकायला घेतलं. आम्ही कपाळाला हात लावला, पण तू थांबली नाहीस. तुमचं असं काही जुळलं की शेवटी लोक विचारत होते, आतला कलाकार बाहेर का येत नाही. तेव्हापासून आपला नियमच झाला, बाहेरचा आवाज आला तर दार लावायचं नाही, त्यालाही सोबत घ्यायचं. पुढे कुणी पंखे वाजवले, कुणी ओल्या मातीत माइक पुरला. माती माझ्या शिल्पांची होती, मला विचारलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात काकांचं सामान आवरायला गेले होते. म्हटलं, तुम्ही तिचा ठेका किती छान पकडायचात. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग हसले. "मला कुठलं ऐकू येतंय, पोरी? पत्रा ठोकून कान केव्हाच गेले. एक हात भिंतीला लावून ठेवायचो. तिचे ठोके हाताला लागायचे."

इतकी वर्षं आपण त्यांना घुमे समजत होतो. स्वतःला आवाजाची माणसं म्हणवतो आणि एवढंही कळलं नाही आपल्याला. मला रडू आलं, आणि लगेच तुझा रागही आला.

आता ऐक. भिंत पाडणं हाच पहिला कार्यक्रम. भिंतीला माइक लावायचे, काका पलीकडून घाव घालणार आणि तू अलीकडून. सगळ्यांचे हात वर झाल्याशिवाय आपल्याकडे खिळासुद्धा ठोकत नाहीत, हे तुला माहीत आहे. सगळ्यांचे झाले, तुझा तेवढा राहिलाय. काकांनी जाणं लांबवलंय. रोज सकाळी भिंतीला हात लावून बघतात, तू आलीस का.

तुझीच,
चिखलू