संध्याचा डबा रिकामा परत द्यावा

मी, डॉ. उल्का श्रीरंग बेहेरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त डॉक्टर, राहणार डब्लिन, ओहायो, आज पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी ब्लडप्रेशरही घेतलं, ठीक आहे. राग आहे, भरपूर आहे. पण रागावलेल्या बाईला मृत्युपत्र करता येत नाही असा कायदा नाही, हे मी वकिलाला विचारून घेतलं. यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात श्री. मनोहर खांबेटे यांना एक्झिक्युटर नेमलं होतं, ते आजपासून रद्द. आता एक्झिक्युटर माझी सून गिरिजा. ती मला उलट बोलते, म्हणून तिच्यावर विश्वास आहे.

१. घर माझा एकुलता मुलगा राजस याला. तो सांता क्लाराला असतो, इथे परत येणार नाही, तेव्हा खुशाल विकावं. परवा फोनवर म्हणाला, "आई, जस्ट लेट इट गो. यू आर सेव्हन्टी-फोर!" चौऱ्याहत्तराव्या वर्षी धरून काय ठेवायचं असतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

२. बँकेतली शिल्लक अर्धी नात उर्वीच्या शिक्षणाला, अर्धी कोलंबसच्या मोफत दवाखान्याला. ज्या युनिव्हर्सिटीत मी एकोणीस वर्षं विद्यार्थी-आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, तिला एक छदामही नाही. तिचं नावसुद्धा इथे लिहीत नाही, उगाच कागद विटाळायला नको.

३. स्टेथोस्कोप उर्वीला. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. व्हावं. जनावरं निदान चौकशी समितीपुढे खोटं बोलत नाहीत.

४. आता हे कलम मालमत्तेचं नाही, तरी इथेच येणार.

२०१४ च्या ऑक्टोबरात फुटबॉल टीममधली तीन मुलं एकामागून एक माझ्याकडे आली. दांडगी, दारातून वाकून येणारी. कुणाचा खांदा दुखत होता, कुणाचं पोट. पण तिघांनाही हवी होती एकच चिठ्ठी: टीमच्या ट्रेनरकडे, म्हणजे दुखापतींवर उपचार करणाऱ्या माणसाकडे, पुन्हा जावं लागू नये. तिसरा कॅलेब ओस्टर, वीस वर्षांचा. खाली बघत म्हणाला, "डॉक्टर, इट्स नॉट ट्रीटमेंट, व्हॉट ही डज." तो माणूस दार लावून काय करतो तेही त्याने सांगितलं. मी तिघांचंही म्हणणं तक्रारीच्या एकाच फॉर्मवर शब्दशः उतरवलं.

नियम सरळ होता. फॉर्म तक्रार कचेरीत द्यायचा आणि पोलिसांना फोन करायचा. माझ्या शेजारच्या खोलीतली नर्स असती तर तिने दहा मिनिटांत हे केलं असतं. मी काय केलं? मी आपला माणूस शोधला. मनोहर खांबेटे युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहत होते, आणि तीस वर्षं मी त्यांना भावजी म्हणत आले होते. अख्ख्या ऑफिसात एक मराठी माणूस, त्याला डावलून परस्पर पोलिसांत कसं जायचं? बरं दिसेल का? असं मला वाटलं. खरंच वाटलं! फॉर्म पर्समध्ये घालून मी शनिवारी त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेले.

भावजींनी तो उभ्याउभ्या वाचला. म्हणाले, "वहिनी, हे असं कागदावर कशाला आणलंत? सीझन चालू आहे. मी बघतो." फॉर्म त्यांनी ठेवून घेतला. माझे दिवंगत यजमान श्रीरंग प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढायचे, वाणसामानाच्या यादीचीसुद्धा, आणि मी त्यांना हसायचे. त्यांनी आदल्या रात्री काढलेली झेरॉक्स माझ्याकडे आहे.

त्यानंतर दोनदा विचारलं. "प्रोसेस चालू आहे, वहिनी." तिसऱ्यांदा विचारलं नाही. डिसेंबरात भावजींनी आम्हाला मॅचचे पास दिले. आम्ही गेलो. टाळ्या वाजवल्या. तो ट्रेनर मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि घरी येऊन जेवले. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

तो माणूस आणखी सात वर्षं तिथे होता. एकतीस मुलं, असं युनिव्हर्सिटीचा स्वतःचा अहवाल म्हणतो.

५. स्टीलचा पाच पुडांचा डबा, झाकणावर 'सं. खां.' अशी अक्षरं, तळघरातल्या कपाटात आहे. तो संध्या खांबेटे हिला परत द्यावा.

वर्तमानपत्रात भानगड फुटल्यावर युनिव्हर्सिटीने वकिलांची चौकशी नेमली. माझी साक्ष होती त्याच्या आदल्या दिवशी संध्या या डब्यातून पुरणपोळ्या घेऊन आली. माझी तीस वर्षांहून जुनी मैत्रीण. माझ्या बाळंतपणात तिने माझ्या उशाशी रात्री काढल्या आहेत. म्हणाली, "उल्का, तुला अगदी तारीखवार आठवतंय का गं? यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत." डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी मी वकिलांना सांगितलं, "मला नक्की आठवत नाही."

चार महिन्यांनी अहवाल आला. "प्रशासनाकडे कोणतीही लेखी तक्रार आली नाही. खेळाडूंनी त्या वेळी कुणाला सांगितल्याची नोंद नाही. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी माहिती कळवली नाही." केंद्रात डॉक्टर एकच होती. दोन वर्षांनी भावजींचा निरोपसमारंभ थाटात झाला. मंडळाच्या गणपतीत संध्या मला पाहून आरतीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी त्यांना वाचवलं आणि त्यांनी मला पुढे केलं. मेले कुठले!

डबा रिकामा द्यावा. आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे मला ठाऊक आहे. साखर घालू नये. संध्यालाही ते कळेल.

६. झेरॉक्स असलेलं पिवळं पाकीट. बेत असा होता की गिरिजाने ते माझ्या मृत्यूनंतर उघडावं. हे कलम तसं लिहूनही झालं होतं. मग गेल्या महिन्यात कॅलेब ओस्टर घरी आला. आता तिशी ओलांडलेला, शाळेत विज्ञान शिकवतो. चहा घेतला नाही. त्याला एकच विचारायचं होतं: "अहवाल म्हणतो मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोने तो वाचलाय. मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

त्याच्यासमोर बसून मला कळलं की मी पुन्हा तेच करत होते. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? कुणी उलट प्रश्न विचारत नाही, आरतीला कुणी तोंड फिरवत नाही. म्हणून ते कलम खोडलं. इतर दोघांची नावं काळी करून, कॅलेबच्या परवानगीने, मी ती झेरॉक्स मंगळवारी त्याच्या वकिलाकडे देणार आहे आणि शपथेवर सांगणार आहे की चौकशीत मी खोटं बोलले. त्याचं जे व्हायचं ते होवो. पाकीट वारसांसाठी शिल्लक राहणार नाही.

७. कॅलेब ओस्टर याला मी काहीही ठेवलेलं नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि साक्षीदार मला तोच हवा होता. कलम चार ते सहा त्याला इंग्रजीत वाचून दाखवली आहेत.

हे माझ्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं आणि दोघांच्या देखत सही केली.

डब्लिन, ओहायो
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

(सही) उल्का श्रीरंग बेहेरे

साक्षीदार १: (सही) अंतरा नगरकर, शेजारी

साक्षीदार २: (सही) कॅलेब ओस्टर. सहीखाली त्याने इंग्रजीत स्वतःहून दोन ओळी लिहिल्या. त्यांचा मराठी अर्थ, अंतराच्या हस्ताक्षरात: "मी या डॉक्टरांना सांगितलं होतं. त्या लिहून घेत होत्या, मी पाहिलं होतं."