वावटळ आणि एक शाब्बास

१ जानेवारी, सोमवार. सकाळी.
या वर्षीचा संकल्प एकच. मामाजींच्या तोंडून शाब्बास काढायचं.

मामाजी म्हणजे सासरे, गुणवंतराव. गोंडपिपरीच्या पुढे त्यांचं गाव. शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, जुने धुरकरी. ते जोडी हाकायला बसले की माणसं जेवण टाकून यायची म्हणे. आता माझा साळा निकेश हाकतो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामाजी शाब्बास म्हणतात ते निकेशला आणि बैलांना. मला म्हणतात, जवाईबापू, तुमी मांडवात बसा. मग सगळ्यांच्या चपला आणि पाण्याची कॅन माझ्याजवळ आणून ठेवतात.

माझ्यात एक रॅली ड्रायव्हर आहे, हे कुणाला माहीत नाही. कालच पार्सल आलं. रिमोटवरची रॅली कार, एकास दहा स्केल, फोर व्हील ड्राइव्ह. हे खेळणं नाही, असं डब्यावरच छापलंय. नाव ठेवलं वावटळ. फेब्रुवारीत पट आहे. मोठ्या जोड्या सुटायच्या आधी, बैल पळतात त्याच दाणीत ही पळवणार.

७ जानेवारी, रविवार.
पहिली टेस्ट. धान कापून बांध्या रिकाम्या झाल्यात, म्हणजे तयार रॅली स्टेज. प्रत्यक्षात सगळी धसकटं. वावटळ जरा गेली की आडवी. सरळ केली की पुन्हा आडवी. शेवटी तणसीच्या ढिगात शिरली. मोटरचा आवाज येतो, गाडी दिसत नाही. माझ्या बायकोने, रीताने, दाताळं घेऊन उपसून काढली. शेजारचे शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बघत होते. एकाने रीताला विचारलं, बाई, उंदीर घुसला का?

दोष गाडीचा नाही, माझा तर नाहीच. फिनलंडमध्ये रस्ता करताना रॅलीचा विचार करत असतील. इथे लोक फक्त धानाचा विचार करतात.

१५ जानेवारी, संक्रांत.
फिनलंडमध्ये खऱ्या गाड्या टेकाडावरून उड्या मारतात. वावटळनेही धुऱ्यावरून मारली. उडी सुंदर होती. पुढच्या चाकाचा दांडा तुटला. रीता म्हणाली, तिळगुळ घ्या अन् गोड बोला, त्या गाडीले शिव्या काऊन देऊन राह्यले? मी शिव्या देत नव्हतो, फीडबॅक देत होतो.

२१ जानेवारी, रविवार.
दांडा बदलला. रीताला को-ड्रायव्हर नेमलं. खऱ्या रॅलीत शेजारी बसलेला माणूस पुढचं वळण आधीच वाचून सांगतो, त्यालाच पेस नोट्स म्हणतात. मी तिला दोन पानं लिहून दिली. तिने ती वाचली नाहीत. जे दिसेल ते बोलायला लागली. आता डावीकडं. पुढं शेण हाय. थांबा, म्हस येऊन राह्यली. अवो थांबा म्हटलं ना.

म्हशीला काही झालं नाही. बंपर गेला. को-ड्रायव्हरमध्ये प्रोफेशनल भाषा नाही.

२८ जानेवारी, रविवार.
ऑफिसात दुपारभर मॉन्टे कार्लो रॅलीचे व्हिडिओ पाहिले होते, ते आज घरी पुन्हा पाहिले. बर्फावर गाडी वळण येण्याआधीच आडवी करतात. अंगणात शेणसडा टाकून सराव केला. गाडी आडवी झाली. वळण मात्र आलं नाही, तुळस आली.

४ फेब्रुवारी, रविवार.
आज जमलं! तलावाच्या पाळीवर वावटळ सुसाट, एका रेषेत. मी ओरडलो. रीतासुद्धा हसली. परतताना बोडीत पडली, तरी पाण्यात चाकं फिरतच होती. गाडी वॉटरप्रूफ आहे. निकेशला फोन केला, पटवाल्यांना सांगून ठेव म्हटलं. तो म्हणाला, भाऊजी, सांगतो, पण बाबा पाह्यतीन हां. पाहू देत. त्यासाठीच तर चाललंय.

११ फेब्रुवारी, रविवार. पहाटे.
आज पट. बॅटरी फुल. चपला सांभाळायला यंदा दुसरा माणूस शोधावा लागेल.

११ फेब्रुवारी. संध्याकाळ.
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

गाडी दाणीत ठेवली. माणसं गोळा झाली. मामाजी काठी टेकत आले, वाकून वावटळकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, गाडी पटात उतरते, अन् पूजा नाई?

गाडी म्हणाले. खेळणं नाही, गाडी.

त्यांनी तांब्या मागवला. चाकांवर पाणी घातलं. वॉटरप्रूफ, मी निश्चिंत. हळद, कुंकू, गुलाल. मग छकड्याच्या आसाला लावतात ते ओंगण आणायला सांगितलं आणि स्वतःच्या बोटांनी चारही चाकांना चोपडलं, टायरांनासुद्धा. म्हणाले, आता फिरतीन. रबराला पकड लागते, हे मला माहीत होतं. तरी गाडी मीच धरून ठेवली.

मग विचारलं, हे जनावर हाकता कायनं? मी रिमोट दाखवला. म्हणाले, म्हंजे हा कासरा. मंग कासऱ्याले काऊन सोडाचं? उरलेलं पाणी रिमोटवर. कुंकू बटणांच्या फटीत.

रिमोट वॉटरप्रूफ नाही. हे त्याच डब्यावर लाल अक्षरांत लिहिलंय. एक शब्द बोललो असतो तर वाचला असता. पण मामाजींनी रिमोटला डोकं टेकवलं होतं. मीही हात जोडले.

झेंडा पडला. वावटळ पुढे गेली नाही. ओंगणाच्या चाकांवर जागेवरच गरगर फिरली, मग उलटी निघाली आणि थेट मांडवाकडे आली, चपलांच्या ढिगात शिरून थांबली. ती थांबली ती थांबलीच. भोंग्यावर मुखरू बोलत होता, तो म्हणाला, जवाईबापूची गाडी घरचा रस्ता वळखते बाप्पा! सगळा पट हसला. निकेशने दोन बोटांनी गाडी उचलून आणून दिली. मला फार राग आला. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

नंतर निकेशची जोडी पहिली आली. मामाजी डाव्या बैलाला शाब्बास म्हणाले. मला म्हणाले, बुजलं. पहिल्या पटात जनावर बुजतेच, जवाईबापू. चहा घ्या.

तांत्रिकदृष्ट्या मी हरलो नाही. पुढे गेलोच नाही, तर हरणार कुठून?

१२ फेब्रुवारी, सोमवार.
रिमोट तांदळाच्या डब्यात ठेवला. रात्री भाताला ओंगणाचा वास.

३० मार्च, शनिवार.
रिमोट गेला. हे मॉडेल आता बंद झालंय, दुसरा रिमोट मिळत नाही. रीता म्हणाली, मंग गाडी द्या ना माह्याकडे, कपाटावर जागा अडवून राह्यली. दिली नाही. रेसिंग सोडणारा मी नाही. नवीन संकल्प: रोज एक रॅली बघायची.

१६ जून, रविवार.
रॅली बघितली नाही. नेट नव्हतं. कपाटावर वावटळही नव्हती. रीताला विचारलं, ती म्हणाली, माहेरी ठेवली, काम हाय.

३ सप्टेंबर, मंगळवार. तान्हा पोळा.
सासुरवाडीत. या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून ओढतात, त्यांची मिरवणूक निघते. रीताने काय काम काढलं होतं ते आज कळलं. माहेरचा जुना लाकडी नंदी, चाकं मोडलेली, तिने तारेने वावटळवर बांधला. वर झूल, बेगड, शिंगांना फुगे, पुढे दोरी. निकेशच्या लेकीला, चंचलला, ओढायला दिला. ऐन मिरवणुकीत चंचल रडायला लागली, फुगा फुटला म्हणून. मामाजी म्हणाले, जवाईबापू, तुमीच ओढा.

ओढला. माझ्या गुडघ्याएवढ्या पोरांच्या रांगेत. वावटळचं सस्पेन्शन मी जानेवारीत स्वतः सेट केलं होतं. प्रत्येक खड्ड्यात नंदी मान हलवायचा, अगदी जिवंत. म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती. पाच वर्षांखालील गटात दुसरा नंबर आला. पहिला आला तो आईच्या कडेवर झोपला होता.

मामाजी काठी टेकत आले. शाब्बास, म्हणाले. मी मागे वळून बघितलं, निकेश नव्हता. बैलही नव्हते. मीच होतो, हातात दोरी धरून.

बक्षीस पाण्याची बाटली. चंचलला नको होती. बाटलीवर ससा आहे. उद्या ऑफिसला नेईन.