म्हातारीची तेविसावी शर्यत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (तुझे गुडघे धरले असतील तर आशीर्वाद बसूनच दे.) दाजींचा खोकला कसा आहे? माझी प्रकृती उत्तम.

आमची म्हातारी, म्हणजे शर्यतीची शिडाची बोट (एकच अरुंद बूड, त्यामुळे वारा भरला की ती कुशीवर कलते आणि आम्ही भिंतीवर जेवतो), तेविसाव्यांदा समुद्राच्या शर्यतीत उतरली. तिची कामगिरी तुला पाठ आहे: तरुणपणी एकदा पहिली (तेव्हा मी बोटीवर नव्हतो, हे दाजी आवर्जून सांगतात), पुढे चौदा वेळा शेवटची, आणि एकदा तर भलत्याच बंदरात. यंदा मात्र सहाव्या दिवशी आम्ही तिसरे होतो. तिसरे, ताई! मी शिवलेलं नवं शीड टम्म फुगलं होतं. तेवढ्यात रेडिओवर हाक आली: मागच्या एका बोटीची डोलकाठी मोडली होती. कप्तानबाईंनी सुकाणूवरून माझ्याकडे पाहिलं. "शिंपीबुवा, तुमच्या शिडाला पहिल्यांदाच यश दिसतंय. काय करायचं?" मी म्हटलं, "वळवा." त्यांनी नुसती मान हलवली, पण तेवढ्यावर मी उरलेली शर्यत काढली. (हे वाक्य दाजींना वाचून दाखवू नकोस.)

चार तास उलटं गेलो आणि पाच भिजलेली माणसं वर घेतली. त्यांचा आडदांड कप्तान कप्तानबाईंचे हात धरून ढसाढसा रडला. मग सावरला, आमची सगळी बिस्किटं संपवली आणि माझी शिवण वाकडी आहे म्हणाला. पंचांनी वाया गेलेला वेळ परत दिला, पण वारा कोण परत देणार? शेवटून दुसरे आलो. शेवटची ती मोडकी, जी पोचलीच नाही.

सर्वांना यथायोग्य.
तुझा धाकटा

ता. क. प्रकृती उत्तमच, फक्त उजवा हात दोरीत सापडून गळ्यात आलाय. मी सांगतोय, कप्तानबाई लिहून घेतायत.

ता. ता. क. पुढच्या महिन्यात घरी येतोय. सोबत कुणी आलं तर चालेल का, हे दाजींना तूच विचार.

आणखी एक ता. क. ताई, नमस्कार. हे एका हाताने चहा आणायला गेलेत. आम्ही तिसरे नव्हतो, पाचवे होतो. त्यांना सांगू नका. आणि ते 'कुणी' म्हणून येणार का, हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही. मी मात्र येतेय.