खांब एकशे बारा

प्रिय भिंगरी,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते: तब्येत ठीक आहे, नोकरी आहे, लग्न केलेलं नाही. लांबण लावणं मला कधीच जमलं नाही. त्यावरूनच तर तुझा दादा मला फूटपट्टी म्हणायचा.

मी सिनेमांचे आवाज करते. बोलण्याचे नाही, बाकीचे. दारं, पावलं, मार. गेले चार महिने ज्या सिनेमावर काम करतेय तो आपलाच आहे. दिग्दर्शक आपल्याकडे येऊन मावशीला, तुझ्या आईला, भेटून गेला होता, आठवत असेल. सीमेच्या कुंपणालगत राहणाऱ्या दोन मैत्रिणी. एक पहाऱ्याच्या खोलीत शिकाऊ, दुसरीचा भाऊ कुंपणापाशी मारला जातो. शेवटी दोघी गळ्यात पडून रडतात. ती शिकाऊ मुलगी आपल्याच शेजारच्या खुर्चीत बसते, हे त्या भल्या माणसाला अजून माहीत नाही.

मारहाणीचे आवाज मीच केले. वाळूच्या पोत्यावर चामड्याचं जाकीट पांघरायचं, ते भिजवायचं आणि काठीने झोडपायचं. हाड मोडायला सुकी काटकी ओल्या फडक्यात गुंडाळून पिळायची. दिग्दर्शक म्हणाला, अजून जोरात हवं, प्रेक्षकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. मी वाढवलं. खरा मार इतका वाजत नाही. खऱ्या माराचा आवाज गादी झटकल्यासारखा बोदा येतो, आणि ऐकू येतो तो श्वास. हे मला कसं माहीत, ते तुला सांगायचं राहिलंय.

पहाऱ्याच्या खोलीत माझं काम फक्त ऐकण्याचं होतं. कुंपणाच्या खांबांवर माइक होते. तार हलली की वारा, जनावर की माणूस, ते सांगायचं. लागोपाठ चाळीस नोंदी बरोबर आल्या की नोकरी कायम. कान तयार व्हावा म्हणून आम्ही शिकाऊ आपापल्या बरोबर नोंदींच्या रेकॉर्डिंगची एक प्रत घरी न्यायचो आणि पुन्हा पुन्हा ऐकायचो. त्या दुपारी माझ्या एकोणचाळीस झाल्या होत्या. साहेब मागे उभे होते.

दादा पलीकडे पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला जायचा, कुंपणाखालून, कारण परवाना काढायला सहा महिने लागायचे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सापडला तर दोन कानाखाली खाऊन घरी यायचा आणि आपल्यालाच हसत नक्कल करून दाखवायचा. एकशे बाराव्या खांबाशी तो उभा राहिला, तेव्हाही फार तर तेवढंच होईल असं मला वाटलं. तीन पहारेकरी गेले. माइक चालूच होता. तो म्हणाला, "साहेब, मी मोटारी दुरुस्त करतो, पिशवी बघा ना." पिशवीतले पाने जमिनीवर पडले. मग काठी. सतरा वेळा. नवव्याला ती मोडली आणि कुणीतरी हसून दुसरी मागितली. अकराव्यानंतर त्याचा आवाज नाही. सतराव्यानंतर एकजण म्हणाला, "चला, जेवण गार होतंय." कागदावर लिहिलं की कुंपणावरून पडून मेला. खोलीतली मूळ नोंद संध्याकाळपर्यंत पुसली गेली. माझी प्रत तोवर माझ्या डब्याच्या पिशवीत होती.

चौथ्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मी तुला सांगितलं: मी आधी "माणूस, खांब एकशे बारा" असं कळवलं, आणि तो दादा आहे हे मागाहून कळलं. तू माझा हात धरलास. म्हणालीस, "तुला कसं कळणार होतं गं?" प्रतीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आठवड्याभरात गाव सोडलं.

सिनेमातही तोच क्रम आहे. मुलगी कळवते, मग पावलं ऐकते, मग किंचाळत धावत सुटते. पावलं मलाच बसवायची होती. एक पूर्ण, एक ओढलेलं. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून मी सुटले तेव्हा दादाने मला खाली झेललं आणि त्याचा डावा घोटा गेला. ती चाल मी शंभर माणसांत ओळखली असती. त्या दुपारी सहा सेकंदांत ओळखली. मग कळवलं. चाळिसावी नोंद बरोबर आली, साहेबांनी पाठ थोपटली.

सिनेमात मी ती पावलं सहा सेकंद पुढे आणली आहेत, तिच्या वाक्याच्या आधी. दिग्दर्शकाने तो तुकडा पुन्हा एकदा लावून ऐकला आणि म्हणाला, राहू दे. शुक्रवारी तो तुमच्याकडे लागेल. तुला ते काळोखात, लोकांमध्ये बसून कळू नये म्हणून हे पत्र. प्रत आणि माझा सही केलेला जबाब काल मावशीच्या वकिलांकडे पोचला, पावलांसकट, सहा सेकंदांसकट. आवाज ओळखायला ते तुला बोलावतील. मोटारींचं वाक्य ऐकलंस की पुरे, तिथेच बंद करायला सांग. पुढचं मी ऐकलंय. आणि ओट्यापाशी मला दिलेली माफी परत घे. ती मी खोटं सांगून घेतली होती.

तुझीच म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव,
फूटपट्टी